मुद्देमाल क्रमांक सतरा

नळकांडी, हिरवट, नग अकरा.
पैकी जळालेलं एक.
लांबी : एक वीत, चार बोटं
हे खोडून : एकतीस सेंटिमीटर.
बुडाला पिवळा पट्टा, साल पुसट.
झाकणाला दोरी. दोरी ओढू नये,
असं मी रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं,
थोडं माझ्यासाठी
आणि थोडं ठाण्यातल्या उंदरांसाठी.

पावती आहे.
देवकाबाई नेवारे, भंगार, टेंभरधरा फाटा.
‘लोखंड मिश्र, बत्तीस किलो.’
तिनं घेतलं गाडीवाल्याकडून,
गाडीवाल्यानं डेपोच्या लिलावातून,
आणि लिलावाच्या कागदावर जांभळा शिक्का : स्फोटकविरहित.
कागद खरा. शिक्का खरा.
नळकांड्यांना तेवढा
कुणी वाचून दाखवला नव्हता.

“मी त वजनानं घेतो, साहेब,” देवकाबाई म्हणाली,
“काट्यावर थोडी दिसते
आत उजेड हाय का अंधार.”

एक तिनं किस्ना कुमरेला दिलं, साठ रुपयांत.
तुरीत डुकरं पडत होती.
त्याला वाटलं, सुतळी बॉम्बचा मोठा भाऊ असेल,
एकदा वाजेल आणि संपेल.

ते वाजलंच नाही.
वर गेलं, उमललं,
आणि छोट्याशा छत्रीला लटकून
सावकाश, फार सावकाश, खाली यायला लागलं.
युद्धात म्हणे असंच पाहतात,
समोरचा कुठं लपलाय ते.

डुकरं जागीच उभी राहिली,
लग्नातल्या ग्रुप फोटोसारखी.
आणि गाव दिसलं.

कालव्याच्या दारावर सरपंचाचा साळा, हातात पाना.
एकाच धुऱ्याच्या दोन टोकांना
दगड सरकवणारे दोन सख्खे भाऊ,
पहिल्यांदाच एकमेकांच्या नजरेसमोर.
शाळेमागं चव्हारे मास्तर, एकटे,
रडत होते. कशासाठी, ते उजेडानं सांगितलं नाही.
आणि पुलाच्या कठड्यावर, बूट उशाला घेऊन,
गस्तीवरचा मी.

सकाळी चार तक्रारी आल्या.
चारही जणांनी लिहिलं : जीवितास धोका.
काय दिसलं, ते कुणीच लिहिलं नाही.
मीही विचारलं नाही.
मास्तर आले नव्हते.

नागपूरहून तज्ज्ञ आला. लांबूनच पाहिलं,
चष्मा पुसला, म्हणाला,
परवान्याशिवाय विकणं गुन्हा, घेणं गुन्हा, बाळगणं गुन्हा.
मी म्हटलं, आम्हीही बाळगतोयच की, तीन आठवडे झाले.
तो म्हणाला, तुमचं बाळगणं म्हणजे जप्ती.
मग चहा प्याला, बशीत ओतून,
आणि पाण्याची बादली जवळ ठेवा म्हणून गेला.

देवकाबाईनं विचारलं,
शिक्का मारणाऱ्याला कोणतं कलम?
मी पान उलटलं.
पान उलटल्याचा आवाज
तिनं उत्तर म्हणून घेतला असावा.

राहिली छत्री.
ती जप्त करायला मी कुमरेच्या अंगणात गेलो
तेव्हा ती बाजेवर पसरलेली,
पांढरी, तलम, एका काठाला काळवंडलेली,
आणि तिच्यावर मुगाच्या वड्या,
ओळीनं, एखाद्या शिस्तीच्या पलटणीसारख्या.
किस्नाची बायको रेवता म्हणाली,
“न्या ना. पण वाळू द्या आधी.
ऊन उतरलं का नेजा.”

मी बसलो. दोन पंचही बसले.
कावळे हाकलले आम्ही तिघांनी मिळून, सरकारी वेळेत.

आता ती इथं आहे, लाखेच्या मोहरेखाली.
कापड, रेशमी वाटते, नग एक.
कुणी विचारलंच कोर्टात,
तर शेरा लिहून ठेवलाय :
वास हिंगाचा.

रात्री या खोलीत दिवा लावत नाही मी.
दहा नळकांडी शेल्फवर निजलेली,
दहा रात्रींचं गाव त्यांच्या पोटात.
बूट मात्र
आता पायातच ठेवतो.